चार बांध मोजले, रोपं तरी उरली! (भूमिती-बीजगणित, पायऱ्यांसकट)

बांधावरचा (यावल तालुका) | रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

हा धागा शेतीच्या विभागात काढणार होतो. मुलगी म्हणाली, "पप्पा, हे शेतीचं नाही, गणिताचं आहे." म्हणून इकडे आलो.

यंदा केळीच्या कांदेबागासाठी (पावसाळ्यानंतरच्या लागवडीसाठी) शेजारचं शेत ठेक्याने घेतलं. मोठ्या गटातला तुकडा आहे, त्यामुळे सातबाऱ्यावरून त्याचं वेगळं क्षेत्र कळेना. चारही बांध टेपने मोजले. वरचा बांध १३० मीटर, नाल्याकडचा १४०, खालचा ९० आणि रस्त्याकडचा १२०. मग माझे वडील करायचे तसाच हिशोब केला. समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची आणि गुणायचं.

(१३० + ९०) ÷ २ = ११०
(१४० + १२०) ÷ २ = १३०
११० × १३० = १४,३०० चौ. मी.

लागवड दीड बाय दीड मीटरवर, म्हणजे एका खोडाला सव्वादोन चौरस मीटर. १४,३०० ÷ २.२५ = ६,३५५. तेवढी टिश्यू कल्चरची रोपं मागवली. बांधापर्यंत लावत आणली, तरी सव्वादोनशेच्या वर रोपं ट्रेमध्येच राहिली. मजुरांनी अंतर जास्त सोडलं असेल म्हणून ओळी दोनदा मोजल्या. अंतर बरोबर आहे.

मुलगी नववीत आहे. ती म्हणते असं सूत्रच नसतं. माझं गणित दहावीला ३५ वर सुटलेलं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायची सोय नाही. चुकलं कुठे ते कोणी पायरी पायरीने सांगेल का? ठेकाही याच क्षेत्रावर ठरलाय, म्हणून जास्त खुटखुट आहे.

भुसावळ_जंक्शन | रविवार, रात्री ९:५२

रोपं उरली तर इकडे पाठवा भो, गच्चीत लावतो. गणिताचं मास्तर बघतील.

निवृत्त_मास्तर (अमळनेर) | रविवार, रात्री १०:३०

मास्तर बघताहेत.

भाऊ, तुमची लेक बरोबर आहे. आधी एक खेळ करा. झाडूच्या चार काड्या घ्या, टोकं दोऱ्याने बांधा आणि चौकट टेबलावर ठेवा. आता एक कोपरा बोटाने दाबा. चौकट कलंडते. काड्यांची लांबी तीच राहिली, पण आतली जागा कमी झाली. आणखी दाबा, आणखी कमी होईल. शेवटी चारही काड्या एकमेकींवर निजतात आणि आत काहीच उरत नाही. म्हणजे चार बाजू सांगून चौकोन ठरतच नाही. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र दाबून बघा, जागचा हलत नाही. मांडवाला तिरपी बल्ली मारतात ती याचसाठी.

भास्कराचार्य या बाबतीत फार कडक होते. लंब किंवा कर्ण न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचं क्षेत्र विचारणाऱ्याला त्यांनी लीलावतीत पिशाच म्हटलं आहे. आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच. तेव्हा मी आज उत्तर देत नाही.

उद्या एक काम करा. कोपऱ्यांना नावं देऊ. रस्ता आणि वरचा बांध मिळतात तो अ. तिथून वरच्या बांधाने नाल्यापर्यंत गेलात की ब, नाल्याने खाली आलात की क, खालच्या बांधाने रस्त्यावर आलात की ड. मला अ पासून क पर्यंतचं सरळ अंतर हवं. तोच कर्ण.

बांधावरचा | सोमवार, दुपारी १:१५

विचारणारा पिशाच मी 🙏

सकाळी मी, सालदार आणि मुलगी असे तिघं गेलो. रोपं अजून गुडघ्याच्या खाली आहेत म्हणून जमलं. ३० मीटरचा टेप, दर खेपेला काडी रोवून पुढे. बरोबर पाच टेप भरले. अक = १५० मीटर.

निवृत्त_मास्तर | सोमवार, संध्याकाळी ७:०५

शाब्बास. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि त्रिकोणाला बाजू पुरतात.

खालचा त्रिकोण अकड: बाजू ९०, १२०, १५०.
पायरी १. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग: १५०² = २२,५००.
पायरी २. उरलेल्या दोघींच्या वर्गांची बेरीज: ८,१०० + १४,४०० = २२,५००.
पायरी ३. दोन्ही सारखे, म्हणून पायथागोरसच्या व्यत्यासाने ड चा कोन काटकोन.
पायरी ४. काटकोनाच्या दोन बाजू पाया आणि उंची. क्षेत्रफळ = ½ × ९० × १२० = ५,४०० चौ. मी.

तिसरी पायरी मुलं खातात. काटकोन दिसतो म्हणून लिहून मोकळी होतात. दिसतो हे कारण नव्हे.

वरचा त्रिकोण अबक: बाजू १३०, १४०, १५०. इथे काटकोन नाही (१३० आणि १४० च्या वर्गांची बेरीज ३६,५००, फार जास्त). म्हणून आठवीतलं हिरोचं सूत्र.
अर्धपरिमिती = (१३० + १४० + १५०) ÷ २ = २१०.
तीतून एकेक बाजू वजा: ८०, ७०, ६०.
क्षेत्रफळ = √(२१० × ८० × ७० × ६०).

इथे चौघांचा गुणाकार करून सात कोटींचं वर्गमूळ काढत बसू नका. चारही शून्यं बाहेर काढा, मुळाबाहेर त्यांचे १०० होतात. आत राहिलं २१ × ८ × ७ × ६. जोड्या लावा: २१ × ७ = ३ × ४९ आणि ८ × ६ = ३ × १६. म्हणजे आत ३ × ३ × ४९ × १६, मूळ ३ × ७ × ४ = ८४. क्षेत्रफळ ८,४०० चौ. मी.

एकूण ५,४०० + ८,४०० = १३,८०० चौ. मी.

आता रोपं: १३,८०० ÷ २.२५ = ६,१३३. तुम्ही मागवली ६,३५५. फरक २२२.

बांधावरचा | सोमवार, संध्याकाळी ७:२०

मास्तर, अंगावर काटा आला. ट्रेमध्ये २३१ होती. नऊ रोपांचा फरक माझ्या टेपचा धरा.

आणि ड चा काटकोन खरा आहे. त्या कोपऱ्यावर विहिरीचं बांधकाम करताना गवंड्याने गुण्या लावला होता, तेव्हा बरोबर बसला होता.

शहादेकर | सोमवार, रात्री ८:४४

मास्तरांचं गणित मान्य. पण सरासरीला एवढं झोडपू नका. आमच्याकडे तीन पिढ्या असंच मोजतात. कधी थोडं जास्त येतं, कधी थोडं कमी. वर्षानुवर्षांत सारखं होऊन जातं.

बांधावरचा | सोमवार, रात्री ८:५०

मलाही तेच वाटायचं. मना बाप बी तसाच मोजे.

तापीकाठ (खासगी मोजणीचं काम करतो) | सोमवार, रात्री ११:१०

शहादेकर, "कधी कमी" हे होत नाही. सरासरीची पद्धत नेहमी जास्तच दाखवते. फक्त चारही कोन काटकोन असतील तर बरोबर. मी हे शेतकऱ्यांना बांधावर उभं राहून सांगतो, कोणी ऐकत नाही, म्हणून आज सिद्ध करूनच टाकतो. नववीच्या मुलीलाही कळेल.

एकच गोष्ट लागते. त्रिकोणाच्या दोन बाजू ठरल्या की त्याचं क्षेत्र त्यांच्या गुणाकाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊच शकत नाही. का? एक बाजू पाया धरा. उंची म्हणजे दुसऱ्या बाजूच्या टोकावरून टाकलेला लंब, आणि लंब तिरप्या बाजूपेक्षा लांब नसतो. दोन्ही सारखे होतात ते फक्त काटकोन असला की.

चार बांध क्रमाने प, फ, भ, म समजा. शेत कर्ण अक ने कापलं तर दोन तुकडे:
शेत ≤ ½ प×फ + ½ भ×म
तेच शेत दुसऱ्या कर्णाने कापलं तर:
शेत ≤ ½ फ×भ + ½ म×प
दोन्हींची बेरीज करा. डावीकडे दोन शेतं. उजवीकडे ½ (प×फ + भ×म + फ×भ + म×प). कंसाचे अवयव पाडा: फ आणि म वेगळे काढले की (प + भ)(फ + म) राहतं.
२ शेतं ≤ ½ (प + भ)(फ + म)
दोन्ही बाजूंना २ ने भागा:
शेत ≤ (प + भ)/२ × (फ + म)/२

उजवीकडे बघा काय आलं. तुमच्या वडिलांचीच पद्धत. म्हणजे शेत त्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी, जास्त कधीच नाही. तीन पिढ्या झाल्या असतील तर तीन पिढ्या ठेका देणारा खुशीत आणि घेणारा तोट्यात.

(बांध आत वळलेला, म्हणजे एक कोपरा शेतात घुसलेला असेल तर दुसरा कर्ण शेताबाहेरून जातो. तिथे ही मांडणी तशीच चालत नाही, पण सरासरी तिथे याहूनही जास्त फसवते.)

बांधावरचा भाऊ, तुमचा फरक ५०० चौ. मी. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौ. फूट, साधारण १०१ चौ. मी. म्हणजे जवळजवळ ५ गुंठ्यांचा ठेका तुम्ही हवेचा भरताय.

शहादेकर | मंगळवार, सकाळी ६:५८

रात्री कागदावर तीनदा करून पाहिलं. हाई बठ्ठं बरोबर शे. आता वडिलांना कोण सांगणार?

कापूसकोंडी (धुळे) | मंगळवार, दुपारी ३:३०

विषय थोडा वळवते, क्षमा असावी. माझा मुलगा दहावीत आहे. भूमितीत रमतो, बीजगणित आलं की घाबरतो. सहामाहीत बीजगणितात ४० पैकी १७. पेपर पाहिला तर निम्मी उत्तरं बरोबर पण पायऱ्या नाहीत, आणि निम्म्यांत पायऱ्या आहेत पण पहिल्याच ओळीत चूक. क्लासमध्ये "बाजू बदलली की चिन्ह बदलतं" असं घोकून घेतात. त्याने ५क्ष = २० चं पुढे क्ष = २० − ५ = १५ केलंय. मी विचारलं असं का, तर म्हणे "पाच पलीकडे गेला ना, चिन्ह बदललं."

त्याच्या पुस्तकात क्ष नसून इंग्रजी अक्षर असतं, पण इथे क्षच लिहिते.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

ताई, पोराची चूक नाही. त्याला मंत्र दिलाय, अर्थ दिला नाही. पलीकडे कोणीच जात नसतं. त्याला तराजू दाखवा. जुना, दोन पारड्यांचा. एका पारड्यात पाच सारख्या पुड्या, दुसऱ्यात २० किलोची वजनं, काटा मधोमध. एका पुडीचं वजन काढायला वजनांतून पाच किलो उचलाल का? नाही. दोन्ही पारड्यांचे पाच-पाच सारखे वाटे कराल. ५ हा क्ष ला जोडलेला नाही, क्ष त्याने गुणलेला आहे. म्हणून भागायचं. महिनाभर त्याला प्रत्येक ओळीसमोर "दोन्ही बाजूंत ३ मिळवले", "दोन्ही बाजूंना ५ ने भागले" असं शब्दांत लिहायला लावा. हात दुखेल, पण मंत्र सुटेल.

एक शाब्दिक उदाहरण देतो. बाजारात एकीने ३ किलो भरताची वांगी आणि २ किलो मिरची घेतली, २४० रुपये झाले. दुसरीने २ किलो वांगी आणि ३ किलो मिरची घेतली, २६० झाले. भाव काढा.

पहिली ओळ समीकरण नसते. पहिली ओळ: "वांग्यांचा किलोचा भाव क्ष रुपये, मिरचीचा य रुपये मानू." ही ओळ नसेल तर पुढचं सगळं हवेत.
३क्ष + २य = २४०
२क्ष + ३य = २६०
सहगुणकांची अदलाबदल झालीय, म्हणून लसावि काढायची गरज नाही. बेरीज करा: ५क्ष + ५य = ५००, म्हणून क्ष + य = १००. पहिल्यातून दुसरं वजा करा: क्ष − य = −२०. या दोघांची बेरीज: २क्ष = ८०, क्ष = ४०, य = ६०. वांगी ४०, मिरची ६०. शेवटी ताळा: १२० + १२० = २४०, आणि ८० + १८० = २६०. ताळा केला की परीक्षकाच्या आधी आपल्याला कळतं.

भुसावळ_जंक्शन | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

भरताला एवढी मिरची? मास्तर अमळनेरचे खरे.

कापूसकोंडी | बुधवार, रात्री ९:१०

तराजू लागू पडला! पण आता (अ + ब)² ला अडलाय. अ² + ब² लिहून मोकळा होतो. दहा वेळा सांगितलं.

बांधावरचा | बुधवार, रात्री ९:३५

ताई, याचं उत्तर माझ्या लेकीने दिलंय, तसंच टाकतो. १० बाय १० चा वाफा काढा. दोन्हीकडून ३ वाढवून १३ बाय १३ करा. जुना वाफा १००, कोपऱ्यात नवा ९, आणि बाजूला ३० चे दोन पट्टे. एकूण १६९. पोरगा १०९ म्हणतो, म्हणजे दोन पट्टे लावायचेच विसरला. ती म्हणते, "त्याला सांगा, पट्टे पडीक राहिले."

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री १०:२०

पट्टे पडीक राहिले! हे मी माझ्या नोकरीत का नाही म्हटलं?

ताई, आता त्याला हे द्या. मूळ लीलावतीतलं आहे, इ.स. ११५० चं. ९ हात उंच खांबावर मोर बसलाय, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ. खांबापासून २७ हातांवर साप दिसला, तो बिळाकडे निघाला. मोर तिरपा झेपावला. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर गाठ पडली?

गाठ बिळापासून क्ष हातांवर मानू. साप गेला २७ − क्ष. मोराची झेप म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण, तोही २७ − क्ष.
८१ + क्ष² = (२७ − क्ष)²
८१ + क्ष² = ७२९ − ५४क्ष + क्ष²
दोन्ही बाजूंतून क्ष² वजा करा, दोन्ही पारड्यांतून सारखंच उचललं. ८१ = ७२९ − ५४क्ष. दोन्ही बाजूंत ५४क्ष मिळवा, ८१ वजा करा: ५४क्ष = ६४८, क्ष = १२ हात. ताळा: ९, १२, १५. साप गेला १५, मोरही १५.

दिसतं वर्गसमीकरण, निघतं साधं एकरेषीय. पण पोराने मधला −५४क्ष चा पट्टा पडीक ठेवला तर क्ष² गेल्यावर ८१ = ७२९ उरेल, आणि मोर खांबावरच बसेल.

शहादेकर | बुधवार, रात्री १०:४१

भास्कराचार्य आपल्या खान्देशचेच ना? चाळीसगावजवळ पाटणादेवीला.

निवृत्त_मास्तर | बुधवार, रात्री ११:००

जन्मगावावर अभ्यासकांत वाद आहे, त्यात मी पडत नाही. पक्कं एवढंच की पाटणला इ.स. १२०७ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला आणि निकुंभ राजाने त्याला दान दिलं, असं त्यात आहे. तो लेख संशोधक डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. म्हणजे खान्देशात गणिताचा क्लास आठशे वर्षांपूर्वी होता, आणि तिथे अव्यक्ताला क्ष नव्हे, यावत्तावत् म्हणत. एकाहून जास्त अव्यक्तं असली की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं.

तापीकाठ | गुरुवार, दुपारी १२:०५

मोराची युक्ती बांधावरचा भाऊंच्या शेतातही चालते. तुमच्या लेकीला गृहपाठ देतो. दुसरा कर्ण बड न मोजता काढून दाखव. मग टेपने मोजा. जुळला तर पाचही मापं बरोबर.

इशारा: ब वरून अक वर लंब टाक.

बांधावरचा | शुक्रवार, रात्री ८:१५

लेकीने केलं, मी फक्त टाइप करतोय. तीन पानं फाडली, चौथ्यावर जमलं.

ब वरचा लंब अक ला अ पासून क्ष मीटरवर मिळतो असं मानलं. लंबाचा वर्ग दोन्हीकडून:
१३०² − क्ष² = १४०² − (१५० − क्ष)²
१६,९०० − क्ष² = १९,६०० − २२,५०० + ३००क्ष − क्ष²
क्ष² दोन्हीकडून गेला (इथे तिने मोराचं चित्र काढलंय).
३००क्ष = १९,८००, क्ष = ६६. लंब = √(१६,९०० − ४,३५६) = √१२,५४४ = ११२.
ताळा: ½ × १५० × ११२ = ८,४००. मास्तरांच्या हिरोशी जुळलं!

ड कडूनही तसंच. लंबाचं ठिकाण अ पासून ९६ मीटर, लंब ७२.

आता ब आणि ड कर्णाच्या दोन बाजूंना. अक च्या दिशेने दोघांत ९६ − ६६ = ३० मीटर, आडवं ११२ + ७२ = १८४.
बड² = ९०० + ३३,८५६ = ३४,७५६. बड = साधारण १८६.४ मीटर.

तापीकाठ | शुक्रवार, रात्री ८:२२

खणखणीत. टेप काय म्हणतो?

बांधावरचा | शनिवार, सकाळी ११:३०

टेप १८७ म्हणतो. मधे ठिबकच्या नळ्या आणि रोपांच्या ओळी, टेप सरळ राहत नव्हता, थोडा झोल होता.

शेतमालक बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "आमचे आजे बांध मोजायचे, हे आडवंतिडवं काय मोजताय?" लेकीने खिशातून दोऱ्याने बांधलेल्या चार काड्या काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी दाबून बघितल्या, पुन्हा दाबल्या. मग म्हणाले, चहा घेऊ, ठेक्याचं संध्याकाळी बोलू.

भुसावळ_जंक्शन | शनिवार, सकाळी ११:३४

आणि माझी २३१ रोपं?

बांधावरचा | शनिवार, सकाळी ११:४०

नांग्या (मेलेल्या रोपांच्या जागा) भरायला ठेवलीत भो. उरली तर गच्चीची लांबी-रुंदी पाठव. कर्णासकट.